बरडीतला मोगरा

रविवार, ७ डिसेंबर

चि. मिनल,

आशीर्वाद आहेतच. ते दर वेळी लिहून शाई कशाला घालवू?

तीन वर्षांत तुला हे माझं पहिलं पत्र. फोन तू उचलतेस, पण "हो आई, बरं आई" एवढं म्हणतेस आणि खुशीच्या हातात देतेस. नातीशी बोलायला मला आवडतं, पण तिच्याशी मोगऱ्याबद्दल काय बोलणार, ती सहा वर्षांची. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो हे अख्ख्या गावाला माहीत आहे. कागदावर आवाज चढत नाही. आणि बोलताना मी कितीही तुले-मले करत असले तरी सातवीत शाळेत पहिली आले होते. लिहिते तेव्हा शुद्धच लिहिते.

पत्र सुशीलच्या हाती देते आहे. दर रविवारी तो कोराडीहून मोटरसायकलवर येतो, पोटभर जेवतो, बापूजींशी क्रिकेटवरून भांडतो आणि जातो. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे. आईचं पाकीट फोडायची त्याची छाती नाही. बापूजींची नव्हती, पोराची कुठून येणार?

एक तारखेपासून मोगरा ताणावर टाकला. पाणी बंद केलं. आता पानं पिवळी पडतील, गळतील, झाड उपाशी राहील. मग छाटणी, शेणखत, भरपूर पाणी, आणि चैत्रात कळ्याच कळ्या. माझ्या सासूबाई म्हणायच्या, लाडावलेला मोगरा पाला देतो, उपाशी ठेवलेला फुलं देतो. त्यांचा हिशेब बेचाळीस दिवसांचा. रोज सकाळी दोऱ्याला एक गाठ, आणि दोरा देवळीतल्या खिळ्याला. आज सात गाठी झाल्या.

बेचाळिसावी गाठ अकरा जानेवारीला पडते. बारा तारखेला छाटणी. तू ये. पहिली कात्री घरच्या सुनेने लावायची आणि जिची पहिली कात्री, पाडव्याला कोराडीच्या देवीला जाणारी पहिली वेणीही तिनेच गुंफायची, हा आपल्या घरचा रिवाज तुला ठाऊक आहे. तीन वर्षं मीच कात्री लावते. मीही एके काळची सूनच आहे, तेव्हा चालतं. पण साठी उलटलेली सून बरी दिसत नाही.

त्या वर्षीचं काही काढायचं नाही. तुझं चुकलं, मी बोलले, तू मनाला लावून घेतलंस. सुशीलला ड्युटी जवळ पडते म्हणून तुम्ही क्वार्टरात राहायला गेलात, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटंही नाही.

सोबत फुलेलाची बाटली देते. यंदाच्या उन्हाळ्यातलं आहे. तिळाचा थर, कळ्यांचा थर, आठ दिवस रोज कळ्या बदलल्या, मग तीळ घाण्यावर नेले. खुशीच्या केसांना लाव. असं तेल तुझ्या अख्ख्या कॉलनीत कोणाकडे नसेल.

भागीरथा


रविवार, २१ डिसेंबर

चि. मिनल,

बाटली परत आली. झाकणावरचं मेणबत्तीचं मेणसुद्धा तसंच होतं. सुशील म्हणाला, "मिनल म्हणे का सध्या नको." सध्या म्हणजे कधीपर्यंत, ते विचारायची अक्कल त्याला नाही.

ठीक आहे. फुलेल नासत नाही. आणि मी काही कोणाच्या दारात तेल विकायला बसलेली नाही.

आज एकवीस गाठी झाल्या. मोठा वाफा सुंदर उतरला आहे, खाली पानांचा सडा पडलाय. परवा शेजारची पुष्पलता कुंपणाशी आली आणि म्हणाली, "भागीरथाबाई, एखादी काडी द्या ना वं लावाले." मी सरळ नाही म्हटलं. चाळीस वर्षांत माझ्या मोगऱ्याची काडी या गावात कोणाला गेलेली नाही. मागणारे कमी नव्हते. शहरात बर्डीच्या फूलबाजारात टोपली उतरवली की लोक वरचं फडकं काढायच्या आधी ओळखतात, हिंगण्याकडचा माल आला, भागीरथाबाईचा. हे नाव काही एका दिवसात झालेलं नाही.

तुला अजून एक सांगायचं आहे. तू असतीस तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

गेल्या एप्रिलात कामठीचे अत्तरवाले चाचा आले होते. आठवतात ना? तुझ्या लग्नात कानात अत्तराचा फाया ठेवून बसले होते ते. आता बरेच थकलेत, पण नाक तसंच आहे. चार वाजता कळ्या तोडून मी टोपलीत घातल्या होत्या. त्यांनी ओंजळ भरून नाकाशी धरली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, ये वो पुराना फूल नहीं है। कली छोटी है, मगर खुशबू दुगनी।" जवळपास पूर्ण हंगामाचा माल त्यांनी एकट्यासाठी मागून घेतला. तांब्याच्या देगेत फक्त आपलाच मोगरा चढला, दुसऱ्या कोणाचं एक फूलही नाही. खाली चंदनाच्या तेलात ती वाफ उतरवली. नंतर चाचांनी मला शिशी आणून दिली आणि म्हणाले की पन्नास वर्षांत असं अत्तर त्यांच्या हातून तीनदाच उतरलं.

मला काय वाटलं असेल, तूच बघ. बापूजी म्हणतात की त्या दिवसापासून मी मान ताठ ठेवून झोपते.

छाटणीला येणार की नाही, एवढं कळव. सुशीलकडे तोंडी निरोप दिलास तरी चालेल, फक्त सोपा दे. लांब निरोप त्याला लक्षात राहत नाही.

भागीरथा


रविवार, ४ जानेवारी

चि. मिनल,

सुशील आत जेवतो आहे. तेवढ्यात हे लिहिते.

आज तो आला तो घरात आलाच नाही. गाडी उभी केली आणि थेट विहिरीच्या वर, मुरमाड बरडीकडे गेला. मी ओसरीवरून पाहिलं. ज्या पोराने जन्मात मोगऱ्याला पाणी घातलं नाही, तो बरडीतल्या ताटव्याशी उकिडवा बसून नखाने झाडाची साल खरवडत होता. खरवडायचं, मोबाईल जवळ न्यायचा, फोटो काढायचा. पाच-सहा झाडांची त्याने साल काढली. मग मोठ्या वाफ्यात जाऊन तेच.

मी मागे जाऊन उभी राहिले. "काय करून राहिला रे?"

दचकला. "काही नाही वं आई, सहज पाहून राहिलो."

सहज! साल नखाने खरवडून आतला हिरवा रंग बघणं, ही या घरात फक्त एका माणसाची पद्धत होती. सासूबाईंची नव्हती, माझीही नाही. आम्ही गाठी मोजणाऱ्या. त्या वर्षी तू मला हेच सांगत होतीस. अडतिसाव्या दिवशी तू माझ्यासमोर नख दाखवलंस आणि म्हणालीस, "आई, बरडीतल्या झाडांची साल आतून पिवळी पडली. यांना आता पाणी द्यायला हवं." आणि मी म्हणाले, "फ्लॅटमधल्या पोरीनं मले मोगरा शिकवू नये."

म्हणजे तुला अजून काळजी आहे. माझी नसेल. झाडांची आहे, तेही मला पुष्कळ आहे.

मिनल, मागच्या पत्रात मी लिहिलं की मोठा वाफा सुंदर उतरला आहे. खोटं नाही ते. पण तो मोठा वाफा तू पाहिलास तो नाही.

आता सांगतेच. त्या वर्षी बाजारात कोणीतरी म्हणालं होतं की भागीरथाबाईचा मोगरा आता म्हातारा झाला. ते माझ्या जिव्हारी लागलं. मी ठरवलं, या चैत्रात असा फुलवीन की पुन्हा कोणाची जीभ उचलायला नको. म्हणून बेचाळीस गाठी झाल्या तरी पाणी सोडलं नाही. बापूजी म्हणाले, "अति झालं गड्या." मी ऐकलं नाही. छप्पन्न गाठी मारल्या. आणि फुलला गं! त्या चैत्रात फांदी दिसत नव्हती. तू ते पाहायला नव्हतीस, फेब्रुवारीतच तुम्ही गेला होतात. टोपल्या कमी पडल्या. मी बाजारात छाती पुढे काढून फिरले. सगळ्यांना सांगितलं, याला म्हणतात ताण. आमच्या सुनेने घाई करून बरडीत चोरून पाणी घातलं, बघा तिथे नुसता पाला आहे.

मे महिन्यात मोठा वाफा मरायला लागला. एक एक करून नाही, ओळीच्या ओळी. सगळी ताकद फुलांत ओतून झाडं रिकामी झाली होती. पाऊस येईपर्यंत तीनशेतली शंभरच उरली, पुढच्या वर्षी तीही गेली. सुशीलने विचारलं तेव्हा वाळवी लागली म्हणून सांगितलं. त्याला पटलं, त्याला काय, जेवण वेळेवर मिळालं की झालं.

आणि वर बरडीत तुझा ताटवा हिरवागार उभा होता.

त्या पावसाळ्यात मी तिथे जाऊन बसले, एकेक फांदी वाकवून मातीत दाबली, वर दगड ठेवला. मुळं फुटली की तोडून खाली लावली. दोन पावसाळे हेच केलं. आज मोठ्या वाफ्यात जी दोनशे सत्तर झाडं आहेत ती सगळी तुझ्या ताटव्याची आहेत. माझ्या नावाने बाजारात जे जातं ते तेच.

हे बापूजींना माहीत आहे आणि मला. आता तुला.

एक मात्र मी सोडणार नाही. तू छाटणी न करता पाणी घातलंस म्हणून त्या वर्षी तिथे पाला आला. तेवढी चूक तुझी होती. पण तू चोरून घातलंस, चोराच्या हातात कात्री कुठून येणार? आणि चोरून का घालावं लागलं, ते मी जाणते.

पस्तीस गाठी झाल्या आहेत. सुशीलचं जेवण झालं. थांबते.

भागीरथा


गुरुवार, ८ जानेवारी

चि. मिनल,

काल बुधवार. सुशीलचा येण्याचा वार नाही. ड्युटी संपवून, हेल्मेटही न काढता दारात उभा. मला वाटलं कोणाला काही झालं. तर त्याने खिशातून खुशीच्या वहीचं पान काढून दिलं.

"बरडीची उद्या सकाळी छाटणी करून लगेच पाणी द्या. मोठ्या वाफ्याला अजून चार दिवस. गाठी मोजू नका."

एवढंच. वर नमस्कार नाही, खाली सही नाही. तीन वर्षांनी मला तुझं अक्षर दिसलं, आणि त्यात हुकूम!

लग्न होऊन आले तेव्हापासून या शेतात मला सासूबाईंशिवाय कोणी हुकूम केलेला नाही. त्याही गेल्या त्याला पंचवीस वर्षं झाली. मी ते पान तीनदा वाचलं. बापूजी म्हणाले, "काय वं, रागावली का?" मी म्हटलं, "रागावू नाही तर काय करू?" तर म्हणाले, "मंग हसून काहून राहिली?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं माझं आहे. पहिल्यांदा मनात आलं, अडतीसच तर गाठी झाल्यात, बेचाळीस होऊ दे, तिला काय कळतंय कोराडीत बसून. मग कंदील नाही, मोबाईलचा दिवा घेऊन बरडीत गेले आणि स्वतःच्या नखाने साल काढून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आत हिरवं होतं, पण कडेने पिवळं धरायला लागलं होतं. खाली मोठ्या वाफ्यात, काळ्या मातीत, अजून चांगलं हिरवं होतं. तू म्हणालीस तसंच. मुरमाची बरड आधी तहानते, काळी माती उशिरा. चाळीस वर्षं मी दोघींना एकाच दोऱ्यावर मोजलं.

आज सकाळी छाटणी केली. पहिली कात्री लावायची वेळ आली तेव्हा हात थांबला. बापूजींना म्हटलं, मिनलचं नाव घ्या. ते म्हणाले, "तूच घे ना, तुया तोंडाले काय झालं?" घेतलं. मग कात्री लावली, शेणखत टाकलं आणि पाणी सोडलं. पहिलं पाणी मुरमात शिरतं तेव्हा कसा आवाज येतो, तुला आठवत असेल. तुला तो आवडायचा.

मोठ्या वाफ्याला बारा तारखेला. गाठी मोजल्या नाहीत. दोरा खिळ्यावरून काढून ठेवला आहे.

हो, आणि निघताना सुशील दारात घुटमळला. "आई, ते तेल आहे का वं अजून? मिनलनं मागितलं, खुशीसाठी." मी म्हटलं, बघते. जणू शोधावं लागणार होतं! देव्हाऱ्यातच ठेवलेली होती.

भागीरथा


रविवार, २५ जानेवारी, रथसप्तमी

चि. मिनल,

आज आपल्याकडे हळदीकुंकू झालं. सगळं नीट लिहिते, म्हणजे गावातून कोणाच्या फोनवर वेगळं काही आलं तर तुला खरं काय ते माहीत असावं.

त्या वर्षीचं हळदीकुंकू तू विसरली नसशील. मीही विसरलेले नाही. बायका ओसरीवर बसल्या होत्या. खालचा वाफा वाळून काटक्या झालेला आणि वर बरडीत एकटा तुझा ताटवा हिरवा. पुष्पलताने विचारलं, ते काय? आणि मी सगळ्यांसमोर, तुझ्या हातात तिळगुळाचं ताट असताना म्हटलं, "आमच्या सुनेच्या हाताले धीर नाही. ही शेतातली बाई नोहे, कुंडीतली आहे." बायका हसल्या. तू ताट फिरवून पुरं केलंस, शेवटच्या बाईलासुद्धा तिळगूळ दिलास आणि मग आत गेलीस. त्यानंतर तू माझ्याशी झाडांबद्दल एक शब्दही बोलली नाहीस.

जे ओसरीवर बोलले ते ओसरीवरच फिरवायला हवं होतं. पत्रात कबूल करणं सोपं असतं, चार बायकांसमोर जीव जातो.

तर यंदा वाण म्हणून मी डबे-वाट्या आणल्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात बरडीत दाबलेल्या फांद्यांची चाळीस कलमं काळ्या पिशव्यांत भरून ठेवली होती, मोठ्या वाफ्यातल्या मोकळ्या जागांसाठी. तीच ओसरीवर मांडली. बायका आल्या, बसल्या, आणि पुष्पलताच्या हातात मी हळदीकुंकू लावून मोगऱ्याची पिशवी ठेवली. तिने पिशवी फिरवून फिरवून पाहिली. "हे काय वं भागीरथाबाई? आजवर काडी नाही देली तुम्ही कोणाले!"

मी म्हटलं, "हा माहा मोगरा नोहे, म्हणून देऊन राहिली. हा मिनलचा आहे."

मग मी सांगितलं. काय वाक्यं बोलले ती सगळी आठवत नाहीत, पण हे आठवतं: "तीन वर्सामागं याच ओसरीवर म्या म्हणलं होतं का तिच्या हाताले धीर नाही. धीर मले नव्हता. माह्या हट्टानं अख्खा वाफा मेला. तिनं चोरून पाणी घातलं म्हणून बी राहिलं. तुम्ही बाजारात जे भागीरथाबाईचं म्हणून विकत घेता, ते तिचं आहे."

पुष्पलता म्हणाली, "मंग तीन वर्स काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग एक म्हातारी मागून म्हणाली, "माही सून असती त म्या मिरवली असती." मी म्हटलं, "मी काय करून राहिली मंग?" तेव्हा कुठे सगळ्या हसल्या. पण यंदाचं हसणं वेगळं होतं, मिनल. आणि खरं सांगू? ते सगळं बोलून झाल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नाही. मला अभिमान वाटला. चाळीस पिशव्या गेल्या, आणि घेणारी प्रत्येक बाई जाताना म्हणत होती, मिनलचा मोगरा नेऊन राहिली. चाळीस अंगणांत तुझं नाव लागणार.

अजून एक उरलं आहे, तेही आजच टाकते. अत्तरवाल्या चाचांचं मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. ओंजळ नाकाशी धरून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "इस नस्ल को बचाया किसने?" आणि मी म्हणाले होते, "मैंने. और कौन?" काल त्यांना फोन केला. म्हटलं, चाचा, झूठ बोली थी, मेरी बहू ने बचाया. ते खूप हसले. म्हणाले, "मुझे मालूम था बाई। आपके फूल में गुस्सा रहता था, इसमें नहीं है।" म्हातारा भारी चावट आहे. पण यंदाच्या शिशीवर ते तुझं नाव लिहिणार आहेत.

मी माफी मागितली का, असं तू विचारशील. माफी हा शब्द माझ्या तोंडातून कधी निघालेला नाही, आज ओसरीवरही निघाला नाही. वरचं सगळं वाचून तूच ठरव, ती मागितली की नाही.

भागीरथा


गुरुवार, १९ मार्च, पाडवा
कोराडी

चि. मिनल,

हे पत्र तुमच्या कॉलनीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसून लिहिते आहे. कागद सुशीलने आणून दिला. तो समोर उभा आहे आणि सारखं म्हणतोय, "आई, वर चाल ना वं, लिहून काय राहिली?" त्याला काय कळतंय.

जानेवारीत छाटणीला तू आली नाहीस, नंतरही नाही. पण दर रविवारी खुशी आली, आणि तिच्या केसांना आपल्या फुलेलाचा वास होता. खत किती, पाणी किती, कोणत्या झाडाची कोणती फांदी काढायची, याच्या चिठ्ठ्याही आल्या. सगळ्या पाळल्या. बापूजी आता तुला "साहेब" म्हणतात. "साहेबाची चिठ्ठी आली का वं?" असं विचारतात.

बरडीत फुलं आली आहेत. कशी, ते लिहीत नाही. लिहिलं तर तुला वाटेल मी पुन्हा फुशारकी मारते आहे, आणि या वेळची फुशारकी मारायचा हक्क तुझा आहे.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. पाडव्याला देवीला वेणी वाहायला मी दर वर्षी येते, तशी गेली दोन्ही वर्षंही आले होते. दर्शन झाल्यावर मागच्या साली तुमच्या या गेटपर्यंत आले आणि परत फिरले. त्याच्या आदल्या साली रस्त्याच्या पलीकडूनच. त्याच्याही आधीचा तेवढा एक पाडवा चुकवला, तेव्हा मी रागात होते आणि बाजारात मिरवत होते. देवीने पाहिलंच असेल. तिला काय सांगू, घरची सून इथे चार पावलांवर राहते आणि वेणी सासू गुंफते?

यंदा अजून देवळात गेलेले नाही. सकाळी गुढी उभारली, दुपारी बरडीतल्या कळ्या तोडल्या, ओल्या फडक्यात बांधल्या आणि हिंगण्याहून बर्डी, बर्डीहून कोराडी अशी बसने मांडीवर घेऊन आले. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, काय आहे वं? मी म्हटलं, सुनेचा मोगरा. तिने वास घेऊ का विचारलं. घेऊ दिला नाही, आधी देवीचा.

कळ्या तशाच सुट्या आहेत. पहिली कात्री तुझ्या नावाने लागली, तेव्हा वेणी तूच गुंफायची. मी हात लावणार नाही. आता साडेचार झाले. दिवेलागणीला कळ्या उमलायला लागतील, मग त्यांची वेणी होत नाही, पाकळ्या गळतात. त्यांना थांबा म्हणायची सोय नाही, तू जाणतेसच. मला आहे. कळ्या उमलून गेल्या तरी मी इथेच बसलेली असेन.

तू वरून खिडकीतून बघितलंस तर निळं लुगडं, कडुनिंबाच्या बुंध्याशी.

तुझी सासू
भागीरथा

ता. क. वेणीचा दोरा मी आणलेला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कमरेला रीळ न लावता घराबाहेर पडले, विसरून नाही, मुद्दाम. येताना तुझ्या घरचा घेऊन ये.